‘तेच झालंय परत’: चालू होऊन काळा पडणारा मॉनिटर

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचा १९ इंची मॉनिटर अकरा महिन्यांत माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर चार वेळा आला. जानेवारी, जून, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. चारही वेळा तो बारदान्यात गुंडाळून आणणारे मुनीमजी एकच वाक्य बोलले, "भाऊ, तेच झालंय परत. चालू होऊ लालाय अन् झपकन् काळा पडू लालाय."

दुसऱ्या खेपेपर्यंत मलाही ते ‘तेच’ खरं वाटलं. नंतर कळलं की चार खेपांत दुखणी तीन होती, एक तर मीच लावून दिलेलं होतं, आणि या सगळ्यांचं मूळ माझ्या टेबलावर कधी येतच नव्हतं. ते मोंढ्यातच होतं. हा मॉनिटर जुना आहे, ट्यूबलाईटच्या दिव्यांचा. पण सेतू केंद्रं, झेरॉक्सवाले, जिनिंग, शाळा, ग्रामपंचायती अशा ठिकाणी असे शेकड्यानं अजून चालू आहेत आणि तक्रार सगळीकडे हीच असते. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दोन चाचण्या, स्क्रूड्रायव्हर नंतर

मॉनिटर काळा पडला म्हणजे मॉनिटरच बिघडला असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर पाच-सहा मॉनिटरांत एखादा तरी धडधाकट असतो आणि रॅम ढिली झालेला सीपीयू दुकानातच राहिलेला असतो. म्हणून पहिली गोष्ट: पॉवरची वायर राहू द्या, सीपीयूकडून येणारी केबल मॉनिटरच्या मागून काढा आणि बटन दाबा. सिग्नल नाही, केबल तपासा, अशा अर्थाची एक चौकट पडद्यावर आली पाहिजे. बऱ्याच मॉनिटरांत ती इकडून तिकडं फिरत राहते आणि मग मॉनिटर झोपी जातो. ती चौकट नीट दिसली तर मॉनिटरचा सप्लाय, मेन बोर्ड, पॅनल आणि मागचा दिवा चौघंही जिवंत आहेत. मग सीपीयू उघडा, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसा, केबलच्या पिना बघा. मॉनिटरला हात लावू नका.

चौकट आली आणि दोन सेकंदांत तीही अंधारली, तर दुसरी चाचणी. खोलीत अंधार करा, मोबाईलची टॉर्च पडद्याला जवळजवळ चिकटवून तिरकी धरा आणि निरखून बघा. आत पुसट, भुतासारखं चित्र दिसलं तर चित्र बनतंय, फक्त त्यामागचा दिवा विझलाय. काहीच दिसलं नाही तर गडबड सप्लायमध्ये किंवा मेन बोर्डात आहे.

हे करताना बटनाजवळच्या बारीक दिव्याकडे लक्ष ठेवा. तो स्थिर आहे, लुकलुकतोय, पिवळा झालाय की लागतच नाही, यावर निम्मं निदान होतं. मुनीमजींना मी हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर त्यांच्या दोन चकरा वाचल्या असत्या.

काळा पडदा काळा का असतो

टॉर्चची चाचणी का चालते हे कळायला आतली रचना थोडी समजून घ्यावी लागते. एलसीडीचं पॅनल स्वतः काडीचाही उजेड पाडत नाही. उजेड मागून येतो. जुन्या मॉनिटरांत वर-खाली मिळून दोन किंवा चार बारीक नळ्या असतात, आपल्या ट्यूबलाईटच्या धाकट्या बहिणी, पेन्सिलीहून बारीक. नव्यांत एलईडीच्या पट्ट्या असतात. हा उजेड पांढऱ्या जाड प्लास्टिकच्या पाटीतून पडद्याच्या मागे सगळीकडे सारखा पसरतो.

पुढं दोन ध्रुवक फिल्म्स असतात. पहिली फिल्म एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड पुढं सोडते. दुसरी तिच्याशी काटकोनात लावलेली असते, म्हणजे नुसत्या या दोनच असत्या तर पलीकडं काहीच गेलं नसतं. मधे द्रव-स्फटिकाचा पातळ थर असतो. १८८८ साली फ्रीडरिश राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना या पदार्थाची विचित्र वागणूक पहिल्यांदा दिसली: वितळल्यावर आधी गढूळ, आणखी तापवल्यावर एकदम निवळ. साध्या मॉनिटरांत हा थर उजेडाच्या कंपनाची दिशा नव्वद अंशांत वळवतो आणि उजेड दुसऱ्या फिल्ममधून पार होतो. व्होल्टेज दिलं की पीळ सुटतो, उजेड अडतो आणि तो ठिपका काळा होतो. ध्रुवक काचेचा गॉगल घालून मॉनिटरसमोर मान तिरकी करून बघा, एका कोनात पडदा अंधारलेला दिसेल.

मुनीमजींच्या मॉनिटरचं पॅनल १४४० गुणिले ९०० ठिपक्यांचं. म्हणजे १२,९६,००० ठिपके, आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, एकूण ३८,८८,०००. एवढ्या सगळ्या बारीक खिडक्या उघडण्या-मिटण्याचं काम क्वचित बिघडतं. बिघडतो तो मागचा दिवा आणि सगळ्यांना वीज पुरवणारा सप्लाय. माझ्या टेबलावरचा अनुभव तरी हाच आहे.

सप्लायचं थोडक्यात: २३० व्होल्टची एसी आत आली की ब्रिज, म्हणजे चार डायोडांची जोडणी, तिला डीसी करतो आणि मोठा कपॅसिटर, आपल्याकडचे जुने मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात तो, ती साठवतो. २३० ला १.४१४ नं गुणलं की तिथलं व्होल्टेज निघतं, सुमारे ३२५ डीसी. मग एक आयसी (हुकूम देणारी चिप) आणि मॉसफेट (वेगानं उघडझाप करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ती वीज छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतात. पलीकडून मेन बोर्डासाठी ५ व्होल्ट आणि दिव्यांसाठी १२ ते १९ च्या दरम्यानचं काहीतरी निघतं. त्या दोन्ही लाईनींवर डायोडच्या पुढं दोन-चार मध्यम कपॅसिटर असतात. ते बाजूच्या गरम हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, खेटून बसवलेले असतात. कुणी आखलं कुणास ठाऊक, पण बहुतेक बोर्डांत ही खोड आहेच.

दिव्यांच्या नळ्यांना शेकड्यांतलं व्होल्टेज लागतं आणि पेटण्याच्या क्षणी हजाराच्या पुढं. ते तयार करणारी सर्किट म्हणजे ‘इन्व्हर्टर’. हा शब्द गिऱ्हाइकासमोर जपून वापरा. मी एकदा एका झेरॉक्सवाल्याला फोनवर सांगितलं, "तुमचा इन्व्हर्टर गेलाय," तर तो संध्याकाळी घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचं बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन हजर.

जानेवारी: सकाळी रुसतो, दुपारी चालतो

पहिल्या खेपेला लक्षण असं: थंडीच्या सकाळी बटन दहा-बारा वेळा दाबावं लागे. दिवा लुकलुके, पडदा उजळे, विझे. एकदा चालू झाला की संध्याकाळपर्यंत मुकाट चाले. शेठ दुकानात आल्यावर मुनीमजी मॉनिटर बंदच करत नसत, रात्रीसुद्धा.

थंडीत अडणं आणि गरम झाल्यावर सुधारणं, ही म्हाताऱ्या कपॅसिटरची खूण. त्याच्या आतला द्रव वाळत जातो, आतला अडथळा वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. हेअर ड्रायर लांबून धरून सप्लायचा भाग दोन मिनिटं कोमट केला आणि मॉनिटर लगेच धरला, तर निदान पक्कं समजा.

उघडताना एक सांगून ठेवतो, आणि हे वाचून पुढं जाऊ नका, दोनदा वाचा. वायर काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट काही काळ बसून असतात. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडायची पद्धत सोडा. त्यात ट्रॅक उडतो, कधी डोळ्याशी बेतते. दोन ते पाच किलोओहमचा पाच वॅटी रेझिस्टर, दोन बाजूंना इन्सुलेटेड वायर लावून, काही सेकंद त्याच्या पायांवर धरा आणि मल्टिमीटरनं शून्याजवळ आल्याची खात्री करा. ज्याला मल्टिमीटर धरता येत नाही त्यानं इथून पुढं फक्त वाचावं, उघडू नये.

मॉनिटर पालथा ठेवायला मी जुनी वाकळ वापरतो. स्टँडखालचे स्क्रू काढले की बाकीची चौकट प्लास्टिकच्या कड्यांवर असते. तिथं लोखंडी काही घालू नका, बाद झालेलं एटीएम कार्ड सगळ्यांत बरं. आत बघितलं तर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. सरळ काम. दोन्ही बदलले, अर्ध्या तासात मॉनिटर चालू, मुनीमजी चहा पिऊन गेले.

जून: माझीच चूक

मृगाच्या तोंडावर मुनीमजी परत. "तेच झालंय." उघडलं, तर खरंच तेच. मी लावलेले दोन्ही कपॅसिटर पुन्हा फुगलेले.

जानेवारीत माझ्या ड्रॉवरमध्ये १०५ अंशांचे संपले होते. मूल्य तेच, व्होल्टेज तेच, म्हणून मी ८५ अंशांचे साधे लावले होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, अंगावरचा आकडा वाचला तरच कळतं. गिऱ्हाईक घाईत होतं हे कारण नाही, मी आळस केला.

या आकड्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. ८५ अंश, २००० तास असं लिहिलेलं असेल तर त्या तापमानाला तो कपॅसिटर साधारण २००० तास दम धरतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट आणि दहानं चढलं की निम्मं. आता लातूरचा मे धरा. बाहेर ४१-४२, पत्र्याखाली त्याहून जास्त, मॉनिटरच्या पेटीत आणखी जास्त, आणि कपॅसिटर हीटसिंकला टेकलेला. शिवाय सप्लायच्या वेगानं आत-बाहेर होणाऱ्या करंटनं साधा कपॅसिटर स्वतःही तापतो. त्याच्या पोटातलं तापमान ८५ धरलं तर २००० तास, दिवसाला १२ तास चालवला तर साडेपाच महिने. माझे पाच महिन्यांत गेले. हिशेब इतका जुळलेला मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

तोच कपॅसिटर १०५ अंश आणि ५००० तासांचा, आतला अडथळा कमी असलेल्या जातीचा असता, तर त्याच ८५ अंशांना चौपट म्हणजे २०,००० तास, साडेचार वर्षांच्या वर. किमतीत फरक एका चहाचाही नसतो. बदलताना मायक्रोफॅरड तेच ठेवा, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वरचं चालतं, पट्टीची बाजू ऋण ही खूण उलटी करू नका, आणि उंची बघा. मॉनिटर चपटा असतो, उंच कपॅसिटर बसला तर मागचा पत्रा त्याच्या डोक्यावर टेकतो. जागा असेल तर तो थोडा आडवा करून हीटसिंकपासून लांब न्या आणि पायांना स्लीव्ह घाला.

पैसे अर्थातच घेतले नाहीत.

ऑगस्ट: आता खरं वेगळं

यावेळी मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मॉनिटर लावला. बटनाचा दिवा निळा, एकदम स्थिर. पडदा उजळला, एक, दोन, आणि अंधार. टॉर्च धरली, आत चौकट फिरताना दिसली. म्हणजे सप्लाय आणि बोर्ड ठीक, दिवा विझतोय.

ते दोन सेकंदच का, हा प्रश्न मला पोरांनी बऱ्याचदा विचारलाय. इन्व्हर्टरची आयसी नळ्यांना पेटायला सेकंद-दोन सेकंदांची सवलत देते. तेवढ्यात सगळ्या नळ्यांतून हवा तेवढा करंट वाहिला नाही तर ती सगळंच बंद करते. चारपैकी तीन नळ्या ठणठणीत असल्या तरी एकीसाठी चौघी विझतात. नाहीतर तुटलेल्या जागी हजार व्होल्टची ठिणगी पडत राहील.

तर कारण तीनपैकी एक असतं. नळी मेलेली, तिच्या पिनेला ड्राय सोल्डर (सुटलेला टाका), किंवा इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग तुटलेली. ट्रान्सफॉर्मर सोपा: वीज बंद ठेवून, सगळं डिस्चार्ज करून, दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा, म्हणजे नळ्यांकडच्या वाइंडिंगचा, रोध मोजा. एका बोर्डावरचे दोन जुळे असतात. एक शेकड्यांत ओहम दाखवतोय आणि दुसरा अनंत, तर दुसरा मेला. आकडा किती असावा यापेक्षा दोघांचा सारखा आहे का, हे महत्त्वाचं. साध्या मल्टिमीटरनं चालू इन्व्हर्टरचं आउटपुट मोजायला जाऊ नका, मीटर जळतो.

या मॉनिटरात दोन्ही जुळे सारखे होते. मग माझ्याकडच्या भंगार पॅनलची एक चांगली नळी लांब वायरनं एकेका जोडावर लावत गेलो. तिसऱ्या जोडावर लावल्यावर मॉनिटर तगला. खालची जोडी बाहेर काढली तर एका नळीचं टोक कोळशासारखं काळं आणि तिचा प्लास्टिकचा जोड वितळलेला. नळी बदलली. या नळ्यांत थोडा पारा असतो, त्यामुळे फुटणार नाही असं धरायचं आणि मेलेली नळी कचऱ्यात फेकायची नाही. मी त्या एका पीव्हीसी पाइपात टोपण लावून साठवतो आणि ई-कचरा नेणाऱ्याला देतो.

मॉनिटर एलईडीचा असेल तर लक्षण हुबेहूब हेच, कारणही भाऊबंदच. पट्टीतले एलईडी माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एक उघडला की सबंध माळ विझते आणि ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज देणारी सर्किट, घाबरून हात वर करतो. एलईडी टेस्टर असेल तर पाच मिनिटांत मेलेला मणी सापडतो. तो सापडल्यावर पॅनल सोलून पट्टी काढायची की नाही, हे मात्र हाताची सफाई बघून ठरवा. फिल्मच्या थरात एक केस अडकला तरी तो पडद्यावर कायमचा दिसत राहतो.

नोव्हेंबर: न फुगलेला कपॅसिटर

दिवाळी झाली, सोयाबीनची आवक जोरात. मुनीमजी यावेळी चिडलेले. "भाऊ, शेठ नवीनच आणू म्हणू लालेत. तेच झालंय."

बटनाचा दिवा लागेना. कान लावला तर सप्लायमधून बारीक टिक... टिक... टिक. पाच-सात मिनिटं तसंच ठेवलं की कधी अचानक चालू होई, आणि चालू झाला की दिवसभर चाले. फ्यूज चांगला, मोठ्या कपॅसिटरवर पुरे ३२० च्या आसपास व्होल्ट, पलीकडचे सगळे कपॅसिटर माझेच नवे, सपाट डोक्याचे. मी दीड तास घालवला. डायोड काढून तपासले, सप्लायच्या दोन बाजूंत उजेडानं निरोप पोचवणारा ऑप्टोकपलर बदलला. काही नाही.

शेवटी प्रायमरी, म्हणजे २३० व्होल्ट येतात त्या बाजूला, आयसीच्या शेजारी बसलेला ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा करंगळीच्या नखाएवढा कपॅसिटर काढून मोजला. तो जेमतेम ९ दाखवत होता. हा आयसीला स्वतःची वीज पुरवणारा. आयसी सुरू होते, याच्यात साठा नसतो, तिचं व्होल्टेज घसरतं, ती बंद पडते, परत सुरू होते. तीच ती टिकटिक. एवढ्या छोट्या कपॅसिटरच्या डोक्यावर फुगण्यासाठी खाचा पाडलेल्याच नसतात, त्यामुळे तो आतून वाळून मेला तरी चेहरा टवटवीत. फुगलेले तेवढे बदलायचे आणि बाकी सोडायचे, या सवयीतून हाच नेमका सुटतो. आता सप्लाय उघडला की मी हा न बघताच बदलतो.

टिकटिकीचं दुसरं कारणही लक्षात ठेवा: सेकंडरीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचा, डायोड शॉर्ट असला तरी असाच आवाज येतो. फरक असा की शॉर्टवाला कितीही वेळ ठेवा, कधीच चालू होत नाही.

चार वेळा उघडलेल्या पेटीत हा एवढ्या लवकर वाळला कसा, हे मात्र टेबलावर कळेना. म्हणून मॉनिटर घेऊन मीच मोंढ्यात गेलो.

मोंढ्यात काय दिसलं

पत्र्याचं शेड, त्याला लागून ऑफिसची खोली, वर पत्राच. टेबल भिंतीला टेकलेलं आणि मॉनिटर भिंतीला. मधे बोट जाईना. धूळ बसू नये म्हणून मुनीमजींनी चांगल्या मनानं मॉनिटरला मागून जाड प्लास्टिकचं कव्हर घातलेलं, आणि ते पुढं सरकू नये म्हणून वरच्या जाळीवर पट्टी-पावत्यांची बुकं ठेवलेली. गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर पडते आणि खालच्या जाळीतून गार हवा आत येते, मॉनिटरला पंखा नसतो, एवढीच त्याची सोय. ती दोन्हीकडून बंद. कव्हर काढलं तर खालच्या जाळीत सोयाबीनची बारीक भुसकट नमदा झाल्यासारखी बसलेली. जानेवारीपासून मी दर वेळी ब्रशनं ती झाडत होतो आणि कुठून येते असा प्रश्न मला पडला नव्हता.

बुकं खाली, कव्हर फक्त रात्री, टेबल भिंतीपासून वीतभर पुढं, आणि ब्राइटनेस शंभरावरून पन्नासावर. ब्राइटनेस कमी केला की दिव्यांचा करंट कमी, सप्लायवरचा भार कमी, उष्णता कमी. कारखान्यातून मॉनिटर बहुतेक वेळा झगझगीत ठेवून येतात आणि लोक वर्षानुवर्षं तसाच चालवतात. अर्ध्या तासानं मागच्या झाकणाला हात लावला, आधी चटका बसायचा तिथं कोमट लागलं.

जालना-परभणीकडं जिनिंगवाल्यांना भुसकटीच्या जागी कापसाचं फोल असतं, एवढाच फरक. फुंकणी मारायची असेल तर मॉनिटर बंद करून, बाहेरच्या बाजूनं नव्हे, झाकण काढून आतून बाहेर मारा. बाहेरून मारली की सगळं आत जाऊन बसतं.

विजेचा भाग

लोक पहिला दोष व्होल्टेजला देतात. कमी व्होल्टेजला मी फारसा दोष देत नाही. बहुतेक मॉनिटरचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालेल असा बनवलेला असतो, संध्याकाळी पंप चालू झाल्यावर १७० वर आलं तरी तो चालतो. चौकोनी लहरीच्या घरगुती इन्व्हर्टरवरही चालतो, कारण आत गेल्यावर सगळ्याची डीसीच होते.

मारतो तो तुटलेला न्यूट्रल. वळवाच्या वाऱ्यात तार तुटली किंवा डीपीवरचा जोड ढिला झाला की गल्लीत एकाचा बल्ब मिणमिणतो आणि दुसऱ्याचा पंखा विमानासारखा फिरतो. असं दिसलं की आधी मेन स्विच पाडा, विचार नंतर करा. दोन फेजमधलं व्होल्टेज ४०० च्या घरात असतं. तेवढं आत आलं तर मोठ्या कपॅसिटरवर ५६५ व्होल्ट होतात, आणि त्याच्या अंगावर ४५० लिहिलेलं असतं. मग तो फुटतो, पाठोपाठ ब्रिज आणि मॉसफेट शॉर्ट, फ्यूज काळाकुट्ट. अशा बोर्डात नुसता फ्यूज बदलून वीज देऊ नका. फ्यूजच्या जागी तार तर कधीच नको. आधी सगळं शॉर्ट तपासा, बदला, आणि पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये टाका. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर बोर्ड ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर अजून शॉर्ट आहे, पण तुमचे नवे सुटे भाग वाचले.

विजा कडाडायला लागल्या की वायर सॉकेटमधून काढणं, नेटची केबलसुद्धा, याला पर्याय नाही. स्पाइक गार्डमधली झटका शोषणारी गोळी दर झटक्याला थोडी झिजते आणि तिचा लाल दिवा लागलेला असतो म्हणून ती जिवंत आहे असं नव्हे.

बाकी किरकोळ

पडदा पिवळट दिसत असेल तर निळा रंग येत नाही, गुलाबी-जांभळा असेल तर हिरवा, आणि निळसर-हिरवा असेल तर लाल. पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये पहिली पिन लालची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. वाकलेली पिन चिमट्यानं हळू सरळ करा. यासाठी मॉनिटर उघडणारे मी पाहिलेत.

सकाळी पडदा तांबूस उजळून मग पांढरा होत असेल तर नळ्या म्हाताऱ्या झाल्यात. वर्ष-सहा महिने काढतील.

उभी रेघ आली आणि पॅनलची कड दाबल्यावर जाते-येते, तर काचेला चिकटवलेली रिबन सुटलीय. तिथं पैसे घालू नका. कागदाची घडी कोंबून चालवणारे आहेत, पण ती दुरुस्ती नव्हे.

आणि एक सवय मी या मॉनिटरपासून लावून घेतलीय. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि काय बदललं ते लिहितो. मुनीमजींच्या मॉनिटरच्या पोटात आता चार ओळी आहेत. जानेवारी, १०००/२५ दोन, ८५ अंश. जून, तेच, १०५ अंश. ऑगस्ट, खालची नळी एक. नोव्हेंबर, ४७/५०, प्रायमरी. पुढं तो माझ्याकडं आला काय आणि दुसऱ्या मेकॅनिककडं गेला काय, ‘तेच’ म्हणजे नेमकं काय हे त्याला झाकण उघडल्यावर वाचता येईल.